तिमिंगिलाच्या आधीचा शब्द

ओतूर,
रविवार, १५ जानेवारी २००६

प्रिय सरूताई,

हे पत्र तुला श्रेया वाचून दाखवील हे मला माहीत आहे. तू स्वतःही वाचतेस, पण माझं अक्षर गिचमिड आणि तुला तेवढी सवड कुठली. म्हणून आधी श्रेयालाच सांगते. श्रेया, बाळा, मावशीचं पत्र सावकाश वाच. मध्ये मावशीबद्दल वाईट वाटेल असं काही आलं तरी ते गाळू नकोस, आवाज बारीक करू नकोस. तुझ्या आईला सगळं ऐकू गेलं पाहिजे.

काल संक्रांत झाली. माझ्या वर्गातल्या चार मुली तिळगूळ घेऊन खोलीवर आल्या होत्या. 'मॅडम, मॅडम' करत पाया पडल्या, आणि टेबलावरचे कागद बघून त्यातली एक म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव पुस्तकात येणार?" मी कागद पालथे घातले. त्यांना वाटलं मी लाजले. एका अर्थी लाजलेच, पण त्यांना वाटलं तशी नाही.

ते कागद बुधवारी पुण्याहून आले. तिकडे बोलीतल्या शब्दांचा एक कोश तयार होतो आहे. जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागांत माणसं जे शब्द बोलतात ते, त्यांचे अर्थ, ते कुठून आले आणि कुणाच्या तोंडून ऐकले, असं सगळं त्यात असणार आहे. छापायच्या आधी कच्चे कागद तपासायला पाठवतात. त्यातल्या एका कागदावर आपल्या आजोबांचं नाव आहे. तिथे लिहिलंय, 'तिमिंगिल : समुद्रातला अतिप्रचंड मासा. जुन्नरच्या घाटमाथ्यावर निरक्षर वृद्धांच्या तोंडी हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. सांगणार, गेणू, मु. घाटघर.' आणि खाली संकलन म्हणून माझं नाव. मी त्याखाली 'बरोबर आहे' असं लिहून सही करायची आणि कागद २३ तारखेच्या आत पुण्याला पोचवायचे. त्यानंतर ते छापखान्यात जातील आणि मग कुणाला काही बदलता यायचं नाही. चार दिवस झाले, पेन हातात घेते आणि खाली ठेवते. ते बरोबर नाही. ते बरोबर नाही हे जिवंत माणसांत आता फक्त दोघींना माहीत आहे, एक मी आणि एक तू.

आधी त्या शब्दाचं सांगते, कारण तुला ते कुणी कधी सांगितलंच नाही. मीही नाही. संस्कृतात तिमि म्हणजे समुद्रातला मोठा मासा. हा तिमि कुठून आला याची कुणालाच खात्री नाही. काही पंडित तो ओलं होणं या अर्थाच्या एका जुन्या धातूशी जोडतात, काहींना वाटतं तो दुसऱ्याच कुठल्या भाषेतून आला असावा. पुढचा 'गिल' मात्र सोपा आहे. गिल म्हणजे गिळणारा. आई चिडली की भाकर पुढ्यात टाकून 'गिळा आता' म्हणायची ना, तेच गिळणं. तिमीला गिळतो तो तिमिंगिल. जुन्या लोकांचं तेवढ्यावर भागलं नाही. तिमिंगिलालाही गिळणारा हवा, म्हणून त्यांनी तिमिंगिलगिल केला. खाली कर्नाटकात, आंध्रात अजूनही देवमाशाला थोड्या फरकाने हेच नाव आहे. ज्यांनी पहिल्यांदा हे शब्द केले त्यांनी खरंच काय पाहिलं होतं कोण जाणे. एखाद्या देवमाशाची पाण्यावर आलेली पाठ पाहिली असेल, नाहीतर किनाऱ्याला लागलेला सांगाडा, आणि उरलेलं अंग भीतीने जोडलं असेल. वर्गात हे शिकवते तेव्हा मुलं हसतात आणि हटकून कुणीतरी विचारतं, "मग मॅडम, त्याला गिळणारा कोण?" सरूताई, हा प्रश्न आला की मी फळा पुसायला वळते. कारण तो प्रश्न गेणूबाबांचा आहे.

आजोबा असून सगळं गाव त्यांना गेणूबाबा म्हणायचं, म्हणून आपणही तसंच म्हणत गेलो. तुला तो खडक आठवतो, ज्याच्यावर आपण बाळहिरडा वाळत घालायचो? बाबा कडेच्या सावलीला बसून हिरडे निवडायचे आणि आपण दोघी त्यांच्या दोन्ही अंगांना. तरुणपणी ते हिरड्याची ओझी घेऊन नाणेघाट उतरायचे आणि खालून मीठ नि सुकट घेऊन चढायचे. एकदा ते थेट कल्याणच्या खाडीपर्यंत गेले आणि तिथे मिठाच्या एका होडीवाल्याने त्यांना ती माशाची गोष्ट दिली. 'दिली' हा त्यांचाच शब्द. "समुद्र कसा व्हता, बाबा?" असं तू विचारलंस की म्हणायचे, "चिखलावानी. पर लई लांब." तेवढाच समुद्र आपल्या घरात कुणी पाहिलेला.

आणि हुंकार दिल्याशिवाय ते गोष्ट सुरूच करायचे नाहीत. हुंकार द्यायचा मान थोरलीचा, म्हणजे तुझा. इतर गोष्टींना नुसतं हं म्हटलं तरी चालायचं, पण माशाच्या गोष्टीचा नेम वेगळा होता. त्या शेवटच्या माशाचं नाव सांगणाऱ्याने घ्यायचं नाही, घेतलं तर तो मासा वास काढत येतो. नाव हुंकार देणाऱ्याने घ्यायचं. बाबा विचारायचे, "बोटाएवढ्याला कुनी गिळला?" तू म्हणायचीस, "हाताएवढ्यानं." "हाताएवढ्याला?" "होडीएवढ्यानं." "आन होडीएवढ्याला?" मग तू दोन्ही हात पसरायचीस, मान मागे टाकायचीस आणि ते नाव घ्यायचीस. बाबा दचकल्याचं सोंग करून ओंजळीतले हिरडे सांडायचे. "हळू घे गं बये, ऐकंल त्यो!" मी खदाखदा हसायचे. नाव घ्यायची माझी पाळी कधी आलीच नाही. मी हट्ट केला की तू म्हणायचीस, "माझं लगीन झालं की तू घे."

तुझं लग्न होईपर्यंत मी गोष्टींच्या पलीकडे गेले होते. आपण दोघी एकाच वर्गात होतो. चौथीनंतर दोघींपैकी आश्रमशाळेत कुणाला घालायचं असं गुरुजींनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "उजीला घाला. माझी गुरं कोन बघंल?" तेव्हा तू माझ्याहून हुशार होतीस. पाढे तुलाच आधी यायचे. हे मी कुठेही, कधीही बोलले नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये 'घरातली पहिली पदवीधर' म्हणून माझा हार घालून सत्कार झाला, तेव्हा भाषणात मी आईबापाचे आभार मानले, गुरुजनांचे मानले. तुझं नाव माझ्या कागदावर होतं. वेळ कमी आहे असं कुणीतरी खुणावलं आणि मी ती ओळ सोडून दिली.

आता मुख्य गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला होते. जुन्नरच्या कॉलेजात आमचे सर शब्द कसे जन्मतात ते शिकवत होते आणि त्यांनी फळ्यावर तिमिंगिल लिहिला. मी हात वर करून म्हणाले, "सर, आमच्या आजोबांच्या गोष्टीत असाच मासा आहे." सर खडू तसाच धरून माझ्याकडे वळले. "काय म्हणतात त्याला तुमच्याकडे?" सगळा वर्ग बघत होता. ते नाव माझ्या जिभेवर होतं, ताई, त्या दिवशी होतं. पण ते इतकं आपल्या घरातलं, इतकं शेणामातीचं वाटलं, की त्या स्वच्छ फळ्यासमोर मला ते उच्चारवेना. मी म्हणाले, "असंच, सर. तिमिंगिलच म्हणतात." सर एवढे आनंदले की त्यांनी वर्ग तिथेच संपवला आणि पुण्याच्या एका बाईंना पत्र लिहिलं. त्या जुने शब्द गोळा करायच्या. डोंगरातल्या निरक्षर माणसाच्या तोंडी इतका जुना शब्द, तोही समुद्राचा, म्हणजे तो नाणेघाटाच्या व्यापाराबरोबर वर चढला असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी लगेच कळवलं, फेब्रुवारीत येते, टेपरेकॉर्डर घेऊन.

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण मी वेगळीच समजूत घालून घेतली. मला वाटलं, गेणूबाबांचं नाव म्हणजे तिमिंगिलचंच झिजून बिघडलेलं रूप असणार. मी शिकले आहे, मी ते दुरुस्त करते आहे. यात खोटं काय? माझ्या वहीत मी ती गोष्ट आधीच लिहून ठेवली होती, खऱ्या नावासकट. त्या नावावर मी व्हाइटनर लावला, फुंकर घालून वाळवला आणि वर सुवाच्य अक्षरात तिमिंगिल लिहिलं.

मग घरी येऊन बाबांना शिकवायला बसले. पंचाहत्तरीचा माणूस, पुढचे दात पडलेले. 'तिमिंगिल' त्यांच्या तोंडात मावत नव्हतं. त्यांनी एकदाच तक्रार केली. "उजे, नाव म्या नसतं घ्यायचं. सरूनं घ्यायचं असतंय." मी म्हणाले, "बाबा, ते सगळं खोटं असतं. पुण्याचे लोक येणारेत, त्यांना तुमच्याच तोंडून हवंय." मग ते म्हणाले, "आमची उजी शिकली, तिला ठावं." आठ दिवस ते गुरांमागे चालताना तो शब्द पुटपुटत होते. आईने मला हसत हसत सांगितलं, "म्हातारा मंत्र म्हनतोय जनू." मीही हसले. आज वाटतं, पाहुण्यांसमोर नातीची मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी ते घोकत होते.

बाई आल्या त्या दिवशी तू येशील असं मला वाटलं नव्हतं. आठ महिन्यांची श्रेया काखेला, डिंभ्याहून दोन गाड्या बदलून आलीस. "बाबाचा आवाज भरून घेत्यात म्हनं, मंग हुंकार कोन देनार?" असं म्हणत उंबऱ्यातच चपला काढल्यास. बाई आणि सर घाटातला दगडी रांजण बघायला गेले होते. त्यांनी जाताना मला टेपरेकॉर्डर दाखवून सांगितलं होतं, हे बटण दाबलं की सुरू, आजोबांना मोकळेपणाने बोलू द्या, आम्ही येतोच. म्हणजे घरात आपणच होतो. बाबा पाटावर, तू समोर श्रेयाला मांडीवर घेऊन, आई चुलीपाशी. मी बटण दाबलं. बाबांनी गोष्ट सुरू केली आणि तुला समोर बघून शिकवलेलं सगळं विसरले. अगदी खडकावरच्यासारखे खुलले. बोटाएवढा, हाताएवढा, होडीएवढा. "आन होडीएवढ्याला कुनी गिळला?" तू श्रेयाला सावरत एकच हात पसरलास, मान मागे टाकलीस आणि ते नाव घेतलंस.

मी टेप बंद केला. मी काय बोलले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. "सरूताई, तुला काय कळतं यातलं? मध्ये बोलू नकोस, टेपमध्ये येतं. जा, पाहुण्यांच्या चहाचं बघ." तू श्रेयाला उचललंस, चुलीकडे गेलीस आणि आईच्या हातातलं चहाचं भांडं घेतलंस. मी टेप उलटा फिरवला आणि त्याच जागेवर पुन्हा भरला. तुझा आवाज, ते नाव, बाबांचं हसणं, सगळं त्याखाली गेलं. पुस्तकातल्या शब्दाने आपला शब्द गिळला, आणि तोंड माझं होतं.

बाई आल्या, त्यांनी टेप ऐकला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा अवघडून आपल्याच हातांकडे बघत राहिले. तू चहा आणून ठेवलास तेव्हा बाईंनी विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, "बहीण. डिंभ्याला दिलीय." ज्याच्यासाठी त्या पुण्याहून आल्या होत्या ते तुझ्या तोंडात होतं आणि तू त्यांच्यापुढे बशी धरून उभी होतीस.

पुढचं तुला माहीत आहे, निदान वरवरचं. बाईंनी लेख लिहिला. मला पारितोषिक मिळालं, पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला, मग इथली नोकरी. माझ्या प्रत्येक पायरीखाली तो टेप आहे. बाबा गेले त्याला पाच वर्षं होतील. त्यांच्या दहाव्याला पोरांनी तुला घेरलं होतं, "मावशे, माशाची गोष्ट सांग, म्हातारबाबाची." तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, राग असता तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलंस आणि पोरांना म्हणालीस, "मला न्हाई येत." तुला येत नाही! त्या दिवसापासून मी डिंभ्याला येणं टाळलं. दिवाळीला पेपर तपासायचे आहेत, उन्हाळ्यात शिबिर आहे, गाडी वेळेवर नसते, अशी कारणं तुला कळवत राहिले. दाजी मला न्यायला एकदा ओतूरच्या स्टँडवर येऊन बसले होते, तेव्हाही मी ताप आल्याचं खोटंच सांगितलं.

बुधवारी कागद आले तशी मी पेटी उपसून ती वही काढली. व्हाइटनर ब्लेडने खरवडला. खाली शाई दिसेल असं वाटलं होतं, पण कागदच फाटला. आता तिथे भोक आहे आणि त्यातून मागच्या पानावरच्या कवितेची ओळ दिसते. आईला निरोप धाडून विचारलं, तर तिचा उलटा निरोप, "मी चुलीपाशी असायची, मला काय ठावं." आणि मला, ताई, खरंच आठवत नाही. खडक आठवतो, हिरड्याचा वास आठवतो, तुझे पसरलेले हात आणि मागे गेलेली मान दिसते. नावाच्या जागी मात्र दर वेळी तिमिंगिल येऊन बसतो. जे नाव आपण तोंडाने कधी घेतलं नाही, ते असंच निघून जात असेल.

टेपची एक प्रत बाईंनी मला दिली होती. नऊ वर्षांत मी ती एकदाही लावली नव्हती. काल मुली गेल्यावर लावली. बाबा विचारतात, "आन होडीएवढ्याला कुनी गिळला?" मग काहीच नाही. चूल फुंकल्याचा आवाज, लांब कुठेतरी श्रेयाचं रडणं. ते वाट बघतात, ताई. कितीतरी वेळ वाट बघतात. मग अगदी हळू, घाबरल्यासारखं, 'तिमिंगिल' म्हणतात. पुन्हा थांबतात. आणि हुंकार द्यायला कुणी नाही म्हणून स्वतःच स्वतःला म्हणतात, "हं."

त्या हं-नंतर मी कागद पुढे ओढला. नोंदीवर आडवी रेघ मारली आणि 'बरोबर आहे'च्या जागी लिहिलं की हा शब्द गेणूबाबांचा नाही, मी तो त्यांना शिकवला. बाईंना वेगळं पत्र लिहून सगळं कळवलंय, टेप कसा पुसला तेही. त्याचं पुढे काय होईल ते होवो, नोकरीचंही. दोन्ही उद्या टपालात पडतील. म्हणजे कोशासाठी मला तुझ्याकडून काही नको. तू नाव सांगितलंस तरी तू म्हणाल्याशिवाय मी ते कुठे लिहिणार नाही, आणि तुला ते मला सांगायचं नसेल तर तेही बरोबरच आहे. हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहिलं. श्रेया आता चौथीत आहे, जिथे तू थांबलीस तिथे. माझ्यामुळे तिने ती गोष्ट एकदाही ऐकलेली नाही. येत्या शनिवारी मी येते, घोडेगावहून डिंभ्याची जी गाडी मिळेल तिने. तू मला घरात घेशील की नाही मला माहीत नाही. नाही घेतलंस तर मी बाहेर ओट्यावर बसेन, पण तू आत तिला गोष्ट सांग. नाव तिला आधीच कानात सांगून ठेव, कारण सांगणाऱ्याने ते घ्यायचं नसतं. आणि श्रेया, तुझी आई तो शेवटचा प्रश्न विचारील तेव्हा हात चांगले पसर, आणि नाव मोठ्याने घे. तुला गप्प बस असं कुणी म्हणालं, अगदी मावशी म्हणाली, तरी ऐकू नकोस.

तुझीच,
उजी